हादऱ्यांची वाटणी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात माझ्यापुढे बसणारा एक विद्यार्थी मला भेटावयास आला. आज त्याचा स्वतःचा कारखाना आहे, दीडशे माणसे त्याच्याकडे कामाला आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी त्याने सव्वा कोटी रुपयांची एक अतिवेगवान मोटार घेतली आहे. मला एका सभेला जावयाचे होते. "सर, मी सोडतो," असे तो आग्रहाने म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच मी अशा मोटारीत बसलो. बसण्यासाठी मला जवळजवळ उकिडवे व्हावे लागले, इतके तिचे आसन जमिनीलगत होते. ही मोटार ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावू शकते, असे त्याने मला सांगितले. त्या दिवशी पुण्याच्या रस्त्यांवर तिने सात किलोमीटरचे अंतर पन्नास मिनिटांत काटले.

संथपणाबद्दल माझी तक्रार नव्हती. मला नवल वाटले ते हादऱ्यांचे. डांबराचे प्रत्येक ठिगळ, गटाराचे प्रत्येक झाकण, काँक्रीटचा प्रत्येक सांधा माझ्या पाठीच्या कण्याला मोजता येत होता. गतिरोधक आला की तो मोटार जवळजवळ उभी करी, तिला तिरपी घाली, आणि खालून पोट घासल्याचा आवाज येतो की काय, म्हणून श्वास रोखून धरी. शेवटी तो हसून म्हणाला, "सर, गाडी अप्रतिम आहे. पण रोजची म्हणून वापरायला कंबर लोखंडाची हवी." मग त्याने योजलेल्या उपायांची यादी सांगितली : एक कळ दाबली की स्प्रिंगांवरचा दाब थोडा सैल होतो, एक आकार लहान चाके आणि जाड टायर बसवून पाहिले, आता हजारो रुपयांची खास गादी मागवली आहे. आणि अखेरीस त्याने एक वाक्य उच्चारले, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास बसलो आहे. तो म्हणाला, "सरकारने रस्ते या गाड्यांच्या लायकीचे करायला हवेत."

त्याच आठवड्यात आमच्या घरी स्वयंपाकास येणाऱ्या बाई आल्या नाहीत. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून त्या येत असताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेले, बाई फेकल्या गेल्या आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. चार घरची कामे होती. त्यांपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. माझ्या विद्यार्थ्याच्या मोटारीचे पुढचे चाकही त्याच रस्त्यावर, त्याच सुमारास तडकले होते. खड्डा तोच होता की शेजारचा, हे मला ठाऊक नाही. त्याच्या चाकाची किंमत विम्यातून मिळाली. बाईंच्या मनगटाचा विमा नव्हता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्याचा खरा अर्थ उलगडू लागतो. रस्ते कोणाच्या लायकीचे करावयाचे? रस्त्याची कसोटी कोणाच्या कण्यावर लावावयाची? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. कोट्यधीशाची कंबर दुखते की नाही, याची समाजवादी कार्यकर्त्याने चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. परंतु प्रवासातला आराम ही वस्तू अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. ती रस्त्यात असते किंवा वाहनात असते. रस्त्यात असली तर ती सर्वांची. वाहनात असली तर ज्याने विकत घेतली त्याची. आपल्या राज्यात गेल्या पाव शतकात ती झपाट्याने पहिल्या खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग होत आहे, आणि हा व्यवहार विकासाच्या नावाखाली होत असल्यामुळे त्याला कोणी हरकत घेत नाही.

प्रथम या मोटारी इतक्या कठीण का असतात, ते समजून घेतले पाहिजे. मोटारीचे धूड स्प्रिंगांवर तरंगत असते. साध्या, आरामशीर मोटारीत ते सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली झुलते, आणि या संथ झुल्याचा माणसाच्या देहाला फारसा त्रास होत नाही. परंतु जी मोटार दीडशे-दोनशेच्या वेगाने वळणावर फिरवावयाची, ती अशी झुलू लागली तर रस्ता सोडील. म्हणून तिच्या स्प्रिंगा ताठ करतात, झोल सेकंदाला दोन किंवा त्याहून अधिक होतो, जमिनीपासूनची उंची कमी करतात, आणि टायरची भिंत बारीक करतात. एखाद्या साध्या मोटारीच्या १६५ मिलिमीटर रुंद, ८० गुणोत्तराच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते. वेगवान मोटारीच्या २४५ मिलिमीटर रुंद, ३५ गुणोत्तराच्या टायरची अवघी ८६. हवेची जी उशी खड्ड्याचा पहिला घाव सोसते, तीच एक-तृतीयांशाने कापून टाकलेली असते. माणसाचे धड सेकंदाला चार ते आठ या कंपनांना सर्वांत हळवे असते, असे कंपनमापनाचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ताठ स्प्रिंग आणि बारीक टायर यांतून गाळून येणारे गचके नेमके त्या पट्ट्यात जास्त येतात. थोडक्यात, ही मोटार बिघडलेली नाही. ती ज्या कामासाठी बनवली, त्या कामासाठी उत्तम आहे. ते काम मात्र पुण्यात, मुंबईत, किंबहुना भारतातल्या कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने करता येत नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाट भागातही मोटारींना ताशी शंभराची मर्यादा आहे. समृद्धी महामार्गावर एकशेवीसची.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने सव्वा कोटी रुपये देऊन एक कठीणपणा विकत घेतला, जो त्याला वापरता येत नाही. आणि आता तो कठीणपणा सुसह्य करण्यासाठी तो आणखी पैसे खर्च करीत आहे. बाजारपेठेला हे सोयीचेच आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने २००२ साली आपल्या एका मोटारीत एक विलक्षण शॉक ॲब्सॉर्बर आणला. त्याच्या तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात. विजेचा प्रवाह सोडला की सेकंदाच्या अत्यल्प अंशात ते तेल घट्ट वा पातळ होते. ही युक्ती आज अनेक महागड्या मोटारींत आहे. अभियंत्यांच्या बुद्धीला मी मनःपूर्वक नमस्कार करतो. परंतु प्रश्न असा की, इतकी बुद्धी कोणाच्या कण्यासाठी खर्ची पडली?

याच उद्योगाच्या इतिहासात एक वेगळा प्रश्नही एकदा विचारला गेला होता. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये सित्रोएन कारखान्याचे एक प्रमुख प्येर बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे एका छोट्या मोटारीची अट ठेवली. लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे तिने वाहून न्यावेत, आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून ती नेली तर एकही अंडे फुटू नये. महायुद्धामुळे काम थांबले; १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती मोटार लोकांपुढे आली. तिचे इंजिन ३७५ घनसेंटिमीटरचे, शक्ती नऊ अश्वशक्ती. शहरी टीकाकार तिच्या पत्र्याच्या रूपाला हसले. शेतकरी हसले नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या स्प्रिंगा एकमेकींना जोडण्याच्या एका साध्या, स्वस्त युक्तीने तिने खडबडीत रस्त्यांवर आराम दिला, आणि ती चार दशकांहून अधिक काळ कारखान्यातून बाहेर पडत राहिली. बुलांजे समाजवादी नव्हते. ते नफ्यासाठीच मोटारी बनवीत होते. तरीही त्यांनी रस्ता आहे तसा धरला, माणूस आहे तसा धरला, आणि यंत्राला त्यांच्यापुढे वाकवले. आज माझा विद्यार्थी म्हणतो की यंत्र आहे तसे धरावे, आणि रस्त्याने व राज्याने त्याच्यापुढे वाकावे.

आणि राज्य वाकत नाही, असे तरी कोठे आहे? ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला. त्यावर पंचावन्न हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी जवळपास बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या सागरी किनारी रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. या तिन्ही ठिकाणी रस्ता काचेसारखा नितळ असावा, याची काळजी घेतली गेली, आणि या तिन्ही ठिकाणी दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षेचे कारण दिले जाते, आणि ते खोटे नाही. या मार्गांवरून बसगाड्याही धावतात, हेही मी मान्य करतो. परंतु ज्या देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत, तेथे सर्वांत नितळ रस्त्यांवर त्यांनाच मज्जाव असावा, आणि त्यांच्या वाट्याला आलेले रस्ते दर पावसाळ्यात चाळण व्हावेत, या व्यवस्थेला काय म्हणावे? सार्वजनिक पैशाने नितळपणाची बेटे बांधावयाची आणि बाकीचा समुद्र खवळलेला ठेवावयाचा, याला मी तरी समतोल विकास म्हणणार नाही.

गालब्रेथ यांनी १९५८ साली 'द ॲफ्लुअंट सोसायटी' या ग्रंथात या दुखण्याचे निदान केले होते. वातानुकूलित, झगमगीत मोटारीतून सहलीला निघालेले कुटुंब खराब रस्त्यांच्या आणि गलिच्छ शहरांच्या मधून जाते, असे चित्र त्यांनी रंगवले. खासगी सुबत्ता आणि सार्वजनिक दैन्य एकमेकांना खेटून कशी नांदतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. पुढे १९६१ ते १९६३ या काळात ते दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. आज ते पुन्हा येते, तर त्यांना आपले चित्र येथे अधिक ठळक झालेले आढळले असते.

गालब्रेथ यांचे निदान मला मान्य आहे. परंतु हे दैन्य टिकून का राहते, याचे उत्तर मला हर्शमन यांच्याकडे अधिक चांगले मिळते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका छोट्या ग्रंथात नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण आहे. रेल्वेचा कारभार वाईट होता. पण मालट्रकचा पर्याय उपलब्ध होताच, ज्यांना रेल्वेची सर्वाधिक गरज होती आणि ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता, ते व्यापारी ट्रककडे वळले. रेल्वेवर ओरडणारे कोणी उरले नाही, आणि ती वाईटच राहिली. हर्शमन यांचा सिद्धांत असा की, बाहेर पडण्याची वाट मिळाली की तक्रारीचा आवाज दबतो. आणि सर्वांत समर्थ माणसे प्रथम बाहेर पडतात.

आपल्या सरकारी शाळांचे हेच झाले, सरकारी दवाखान्यांचे हेच झाले, नळाच्या पाण्याचे हेच झाले. रस्त्यांचे मात्र तसे होणार नाही, असे मला वाटत असे. शाळा सोडता येते, दवाखाना सोडता येतो; पण मोटार कितीही महाग असली तरी ती त्याच डांबरावरून जाते. खड्डा हा आपल्या समाजातला शेवटचा समतावादी आहे, असे मी वर्गात थट्टेने म्हणत असे. माझी थट्टा चुकली. चुंबकी शॉक ॲब्सॉर्बर, हवेच्या स्प्रिंगा, जाड गाद्या, चाकांचा विमा, आणि दुचाकीला बंदी असलेले मार्ग : या साऱ्यांनी मिळून रस्त्यातूनही बाहेर पडण्याची वाट काढली आहे. ज्या माणसाच्या एका दूरध्वनीने अभियंता धावत आला असता, तो आता कळ दाबतो आणि पुढे जातो. स्कूटरवरच्या मुलाला कोणती कळ दाबता येणार?

आता करांकडे वळू. कारण विषमतेचा पत्ता शोधावयाचा तर अर्थसंकल्पाच्या तक्त्यांत शोधावा लागतो. सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या पेट्रोल मोटारीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि त्यावर साधारण २० ते २२ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर सरसकट ४० टक्के झाला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या मोटारीवरचा करदर आठ-दहा टक्के-अंकांनी उतरला. त्याच दिवशी बसचा दर २८ वरून १८ वर आला, स्कूटरचाही १८ वर आला, आणि सायकलचा १२ वरून ५ वर. या सवलतींचे मी स्वागत करतो. परंतु याच तक्त्यात विजेवर चालणाऱ्या मोटारीचा दर ५ टक्के आहे, आणि तो किमतीवर अवलंबून नाही. तीन-चार सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी, कोटी-दीड कोटीची विजेची मोटार सायकलीइतक्याच दराने कर भरते. एसटीची डिझेल बस तिच्या साडेतीनपटीहून अधिक दराने भरते. प्रदूषण कमी व्हावे म्हणून विजेच्या वाहनांना सवलत हवी, हे निर्विवाद. विजेच्या बसलाही ती मिळते, हे योग्यच. परंतु त्या युक्तिवादाच्या पदराआड कोट्यवधींच्या चैनीला सायकलीच्या रांगेत उभे करणे ही निव्वळ हातचलाखी आहे.

महाराष्ट्राचा मोटार वाहन कर पाहा. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के, वीस लाखांवरील मोटारीला १३ टक्के. दुचाकीला १० ते १२ टक्के. वरवर हा चढता दर दिसतो. पण या कराला वरून एक झाकण आहे : एका वाहनावर जास्तीत जास्त वीस लाख रुपये. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते तीस लाखांवर नेले गेले. गणित सोपे आहे. १३ टक्के दराने सुमारे दोन कोटी एकतीस लाखांच्या मोटारीला तीस लाख कर लागतो. त्यापुढच्या किमतीवर एक पैसाही नाही. पाच कोटींच्या मोटारीचा प्रत्यक्ष दर सहा टक्के होतो. स्वयंपाकाच्या बाईंच्या मुलाने हप्त्यांवर घेतलेल्या स्कूटरचा दर त्याहून अधिक. त्याच अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवण्यात आला होता. तो महिना संपण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. स्कूटरवाल्याचा कर इतक्या तत्परतेने मागे घेतल्याचे मला आठवत नाही. आणि हा पैसा नसल्यामुळेच खड्डे बुजवता येत नाहीत, असे आपल्याला ऐकवले जाते!

माझा विद्यार्थी हुशार आहे. त्याचे आक्षेप मी येथे प्रामाणिकपणे मांडतो. तो म्हणतो, "सर, खड्डे माझ्या गाडीने पडत नाहीत." हे खरे आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध चाचणीने दाखवून दिले की, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. तेव्हा रस्ता फोडतात ते जादा भरलेले मालट्रक, तुंबलेले पाणी, निकृष्ट डांबर आणि पुन्हा पुन्हा होणारी खोदाई. मी त्याच्यावर खड्ड्यांचा आरोप ठेवीत नाही. माझा आरोप असा की, खड्ड्यांपासून सुटका विकत घेता येते, हे त्याने आणि त्याच्यासारख्यांनी मान्य केले आहे. त्याचा दुसरा आक्षेप : "मी माझ्या पैशाने घेतली, यात कोणाचे काय गेले?" गेले ते त्याचे बळ. त्याच्या कंबरेला जो गचका बसला असता, त्याने जे पत्र लिहिले असते, ज्या बैठकीत त्याने टेबलावर हात आपटला असता, ते सारे बळ शहराच्या हातून गेले.

परंतु मला अधिक सविस्तर उत्तर द्यावयाचे आहे ते आपल्याच काही सहकाऱ्यांना. ते म्हणतात, आराम ही मध्यमवर्गीय चैन आहे; भाकरीचा प्रश्न सुटला नसताना हादऱ्यांची चर्चा कशाला? मित्रहो, हा युक्तिवाद साधेपणाचा वेष घेतो, पण त्याचे फळ गरिबांच्या कण्यावर पडते. युरोपीय संघाने २००२ साली एक निर्देश काढला. कामाच्या आठ तासांत कामगाराच्या सर्व शरीरावर पडणाऱ्या कंपनांची सरासरी ०.५ मीटर प्रतिसेकंदवर्ग या पातळीवर पोचली की मालकाने उपाय योजले पाहिजेत, आणि १.१५ ही मर्यादा ओलांडता कामा नये. तेथे ट्रॅक्टर, बस, ट्रक चालवणाऱ्याचा कणा हा कामगारहिताचा प्रश्न मानला गेला, चैनीचा नव्हे. आपल्याकडे पाट्यांच्या स्प्रिंगांवर उभ्या असलेल्या गाडीत रोज आठ-दहा तास घालवणाऱ्या चालकाच्या आणि वाहकाच्या आसनाखाली हा आकडा किती येतो, असे कोणत्या संघटनेने विचारले? ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागच्या डब्यात बसून जाणाऱ्या बाईला, नवव्या महिन्यात रिक्षातून दवाखान्यात निघालेल्या पोरीला, मुलाच्या स्कूटरवर मागे बसलेल्या आमच्या बाईंना जो धक्का बसतो, त्याला मधे अडवणारे काहीही नसते. तो थेट हाडापर्यंत जातो.

आणि तो केवळ हाडापर्यंतच थांबत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू त्याच अहवालात वेगळे मोजले आहेत : १,८५६. ज्या खड्ड्याने महागड्या मोटारीचे चाक तडकते, त्याच खड्ड्याने दुचाकीवरचा माणूस मरतो. हादऱ्यांची वाटणी ती हीच.

मग मागणी काय करावयाची? माझ्या मते चार गोष्टी ठामपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली, मोजणी. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याची यंत्रे आहेत. १९८२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगातून त्याचा जगभर वापरला जाणारा निर्देशांकही तयार झाला. प्रत्येक नगरपालिकेने आणि जिल्हा परिषदेने आपल्या रस्त्यांचा हा आकडा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, प्रभागवार आणि ठेकेदाराच्या नावासह प्रसिद्ध करावा. जे मोजले जात नाही त्यावर लढता येत नाही, हा माझा चाळीस वर्षांचा धंद्यातला अनुभव आहे. गतिरोधकांनाही हेच लागू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी पंचवीसच्या वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा, असे सांगितले आहे. आपल्या गल्लीत रातोरात उठवलेला डांबराचा उंचवटा या मापात बसतो का, हे पाहण्यास एक फूटपट्टी आणि एक कार्यकर्ता पुरतो.

दुसरी, कर. मोटार वाहन कराचे झाकण काढावे. विजेच्या वाहनांची सवलत बस, रिक्षा, दुचाकी आणि सामान्य किमतीच्या मोटारींपुरती ठेवावी. आणि अतिमहागड्या मोटारींच्या करातून येणारी रक्कम डागडुजीसाठी बांधून ठेवावी. नव्या उड्डाणपुलांना नव्हे.

तिसरी, क्रम. डागडुजी प्रथम एसटीच्या मार्गांची, दवाखान्यांकडे आणि शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांची, कामगार वस्त्यांची. बसच्या चालकाला हवेच्या स्प्रिंगेचे आसन हे उपकार म्हणून नव्हे, साधन म्हणून मिळाले पाहिजे. ज्या शहरात बस खालच्या तळाची, वक्तशीर आणि हादऱ्यांशिवाय धावते, तेथे कारखानदारही कधीमधी तिच्यात बसतो, आणि ज्या दिवशी तो बसतो, त्या दिवसापासून त्याचा आवाज पुन्हा सर्वांच्या आवाजात मिळतो.

चौथी, दाद. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, आणि जबाबदार ठेकेदार व अधिकारी यांच्याकडून ती वसूल करावी. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा आदेश किती वस्त्यांत पोचला आहे? आपल्या शाखांनी प्रत्येक प्रभागात अर्ज लिहून देण्याची सोय केली, दवाखान्याची कागदपत्रे आणि खड्ड्याचे छायाचित्र जोडावयास शिकवले, तर एका पावसाळ्यात प्रशासनाला जे कळेल ते दहा मोर्च्यांनी कळणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. तो रागावला नाही. लहानपणी सांगलीहून एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून पुण्यास येताना आपले डोके टपाला लागत असे, याची आठवण त्याने सांगितली. मी त्याला म्हटले, "मग रस्ते त्या बाकाच्या लायकीचे कर असे म्हण. ते झाले की तुझ्या गाडीचे आपोआप भागेल. उलटे मात्र होणार नाही." तो गप्प राहिला. पुढच्या प्रभाग समितीच्या बैठकीस येईन, एवढे मात्र त्याने कबूल केले आहे.

बाईंचे प्लास्टर निघाले. सुटलेली दोन घरे परत मिळाली नाहीत, आणि पोळ्या लाटताना मनगट अजून दुखते. त्यांचा अपघात न्यायालयाच्या आदेशापूर्वीचा आहे. तरीही त्यांचा भरपाईचा अर्ज आम्ही तयार केला आहे, आणि खड्ड्याचे छायाचित्र माझ्या विद्यार्थ्याकडून मिळाले आहे. आपल्या तडकलेल्या चाकाच्या विम्यासाठी त्याने ते त्या वेळी काढून ठेवले होते.